न भरलेला विराम : प्रोग्रेसिव्ह रॉकमधील विषम मापाच्या तालरचना आणि मराठी छंदोविचार

प्रस्तावना

१९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रॉक संगीताचा एक प्रवाह नृत्यगृहातून बाहेर पडून श्रोत्याने बसून ऐकण्याच्या संगीताकडे वळला. किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदांनी आणि पुढे कॅनडातील रश या त्रयीने जे संगीत रचले, त्यास 'प्रोग्रेसिव्ह रॉक' ही संज्ञा रूढ झाली. दीर्घ रचना, एका सूत्रात गुंफलेले ध्वनिमुद्रिकासंच, पाश्चात्त्य अभिजात संगीताचे व जॅझचे संस्कार ही या प्रवाहाची सर्वपरिचित वैशिष्ट्ये होत. परंतु ज्या एका वैशिष्ट्याने या संगीताभोवती रसिकांचा स्वतंत्र पंथ उभा राहिला, ते म्हणजे विषम मापाच्या तालरचना. लोकप्रिय संगीत सर्वसाधारणपणे चाराच्या मापात चालते. हे संगीत पाच, सात, नऊ, दहा, अकरा अशा मापांत चालते, आणि पुष्कळदा एकाच गीतात ही मापे बदलते.

ही मापे ओळखणे हा या पंथातील रसिकांचा आवडता उद्योग आहे. गीत ऐकावे, बोटांवर मोजावे आणि 'हे सात-आठमध्ये आहे' असे जाहीर करावे. पाश्चात्त्य स्वरलिपीच्या आरंभी एकाखाली एक असे दोन अंक लिहितात, त्यास 'टाइम सिग्नेचर' म्हणतात. वरचा अंक एका आवर्तनातील आघातांची संख्या सांगतो, खालचा अंक त्या आघाताचे परिमाण सांगतो. हे दोन अंक सापडले की उलगडा झाला, असे मानले जाते.

मराठीच्या अध्यापकास हे दृश्य अपरिचित वाटण्याचे कारण नाही. शालेय व महाविद्यालयीन स्तरावर वृत्तांचे अध्यापन बहुतांशी असेच चालते. चरण लिहावा, लघु-गुरूच्या खुणा कराव्यात, तीन-तीन अक्षरांचे गण पाडावेत आणि 'य य य य, म्हणून भुजंगप्रयात' असे उत्तर लिहावे. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. मात्र त्या विद्यार्थ्याला तो चरण मोठ्याने म्हणावयास सांगितल्यास त्याचा आवाज गद्यासारखा सपाट निघतो. संख्या मिळते आणि लय हरवते. विषम तालाच्या रसिकाचे पुष्कळदा हेच होते. म्हणून प्रोग्रेसिव्ह रॉकमधील विषमता केवळ संख्येत आहे की आणखी कशात, हा प्रश्न मराठी छंदोविचाराच्या साहाय्याने येथे तपासला आहे. हा विचार ज्या नाशिकमध्ये मांडला जात आहे, त्या गावाचे एक काव्य या तपासणीत अखेरीस उपयोगी पडते, हा केवळ योगायोग नव्हे.

मोजणीची साधने

माधव त्र्यंबक पटवर्धन तथा माधव जूलियन यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ १९२७ मध्ये व त्याची विस्तृत आवृत्ती १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. पटवर्धनांनी पद्याची अक्षरसंख्येवर चालणारे छंद, लघु-गुरूंचा निश्चित क्रम असणारी वृत्ते आणि मात्रांच्या आवर्तनावर चालणाऱ्या जाती अशी विभागणी केली. त्यांपैकी जातींचे त्यांनी केलेले वर्गीकरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे. आठ मात्रांचे आवर्तन ते पद्मावर्तनी, सातांचे अग्न्यावर्तनी, सहांचे भृंगावर्तनी आणि पाचांचे हरावर्तनी. नावांतच संख्या दडलेली आहे : कमळाच्या आठ पाकळ्या, अग्नीच्या सात जिव्हा, भुंग्याचे सहा पाय, हराची पाच मुखे. येथे महत्त्वाचा शब्द 'आवर्तन' हा आहे. चरणातील एकूण मात्रा किती यापेक्षा लय कितव्या मात्रेनंतर पुन्हा स्वतःकडे परतते, हा पटवर्धनांचा प्रश्न आहे.

हिंदुस्थानी तालविचारातही हेच दिसते. रूपक हा सात मात्रांचा ताल. परंतु 'सात' एवढ्यावरून रूपक कळत नाही. तीन, दोन, दोन असे त्याचे विभाग आहेत आणि समेवरच खाली आहे : 'तीं तीं ना । धीं ना । धीं ना'. झपताल दहा मात्रांचा, पण दोन-तीन-दोन-तीन असा, 'धीं ना। धीं धीं ना । तीं ना । धीं धीं ना'. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि उत्तरायुष्यात नाशिक हे आपले स्थान केले. त्यांची स्वरलेखनपद्धती आणि पंडित भातखंडे यांची पद्धती यांत चिन्हांचा पुष्कळ भेद आहे. परंतु समेचे व खालीचे स्थान लेखनात दिसले पाहिजे, याविषयी दोहोंत एकमत आहे. टाइम सिग्नेचरचे दोन अंक हे स्थान सांगत नाहीत. ती माहिती पाश्चात्त्य लेखनात अन्यत्र, स्वरांच्या जुळणीतून व आघातचिन्हांतून, मिळते. पण रसिकांच्या चर्चेत उरतात ते केवळ अंक.

तेव्हा उलगडा करावयाचा तो असा. प्रथम पुनरावृत्त होणारा स्वरवाक्यांश शोधावा. त्यातील सर्वांत लहान आघात ही एक लघुमात्रा मानावी. मग प्रत्येक आघात एका मात्रेचा की दोन मात्रांचा हे ठरवून लगक्रम लिहावा. अखेरीस तो लगक्रम मोठ्याने म्हणावा. ही शेवटची पायरी वगळली तर बाकीच्या पायऱ्यांना फारसा अर्थ राहत नाही.

तारायंत्राचा लगक्रम

रशच्या 'मूव्हिंग पिक्चर्स' या १९८१ च्या संचातील 'वाय वाय झेड' ही शब्दविरहित वाद्यरचना या दृष्टीने आदर्श उदाहरण आहे. टोरांटोच्या विमानतळाची ओळखखूण म्हणजे वाय-वाय-झेड ही तीन अक्षरे. मोर्सच्या तारलिपीत 'वाय' म्हणजे दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ, दीर्घ. 'झेड' म्हणजे दीर्घ, दीर्घ, ऱ्हस्व, ऱ्हस्व. रचनेच्या आरंभी नील पर्ट याने धातूच्या लहान चकत्यांवर हाच संकेत वाजविला आहे आणि मग गिटार व बास तोच उचलतात. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यात जेवढे अंतर, तेवढ्या अंतरावरच्या दोन स्वरांवर हा खेळ चालतो. प्रारंभीचा हाच भाग येथे विचारात घेतला आहे.

दीर्घ आघात दोन मात्रांचा व ऱ्हस्व एका मात्रेचा धरला की लगक्रम आपोआप लिहिला जातो :

गालगागा । गालगागा । गागालल

मराठी गझलेच्या अभ्यासकाला येथे थांबणे भाग आहे. 'गालगागा' हा फारसी छंदशास्त्रातून आलेला आणि पटवर्धनांनी मराठीत स्थिर केलेला लगक्रम. तो तीनदा आला की मंजुघोषा, चारदा आला की व्योमगंगा; दोन वेळा पूर्ण व तिसऱ्यांदा 'गालगा' एवढाच आला की मेनका. सुरेश भटांपासून आजच्या नवोदित गझलकारांपर्यंत शेकडो लेखण्यांनी ही वृत्ते घोटली आहेत. कॅनडातील तीन वादकांना याची वार्ता असण्याचा संभव नाही आणि तसे सुचविण्याचा हेतूही नाही. परंतु ज्या कानावर मंजुघोषेचा संस्कार आहे, त्याला या रचनेचे पहिले दोन गण घरच्यासारखे वाटतात, हे नाकारता येत नाही.

अडखळण होते ती तिसऱ्या गणाशी. अपेक्षा सात मात्रांची असते, मिळतात सहा. 'गालगागा' ऐवजी 'गागालल'. एकूण वीस लघुमात्रा होतात. पाश्चात्त्य लेखनात चार लघुमात्रांचा एक ठोका धरून हे पाच-चारचे, किंवा दोन मात्रांचा ठोका धरून दहा-आठचे माप ठरते. उत्तर म्हणून 'पाच-चार' हे अगदी बरोबर आहे. मात्र हाताने पाच टाळ्या धरून कोणी ही रचना ऐकली, तर दुसरा 'वाय' आठव्या लघुमात्रेवर, म्हणजे दुसऱ्या टाळीच्या अखेरच्या चतुर्थांशावर सुरू होतो आणि 'झेड' पंधराव्या लघुमात्रेवर, चौथ्या टाळीच्या मध्यावर पडतो. आघात एकीकडे व अक्षरे दुसरीकडे. पाच हा अंक या ओढाताणीविषयी मौन बाळगतो. सात-सात-सहा हा लगक्रम ती उघड करतो.

आता मेनका या वृत्ताशी तुलना करून पाहावी. तेथेही तिसरा गण अपुरा आहे, किंबहुना अधिक अपुरा : 'गालगा' म्हणजे पाचच मात्रा. तरीही मेनकेतील गझल म्हणताना कोणी अडखळत नाही. याचे कारण असे की चरणाच्या शेवटी म्हणणारा दोन मात्रा थांबतो. हा विराम कागदावर लिहिलेला नसतो, लगक्रमात दाखविलेला नसतो; पण तो पाळला जातो आणि त्यामुळे सातांचे आवर्तन पूर्ण होते. अग्न्यावर्तनी लय अबाधित राहते ती उच्चारलेल्या अक्षरांइतकीच न उच्चारलेल्या मात्रांमुळे.

रशने नेमका हा विराम नाकारला आहे. सहाव्या मात्रेनंतर एक मात्रा थांबले असते तर सात-सात-सात असे एकवीस मात्रांचे संथ आवर्तन झाले असते. तसे न थांबता पुढील फेरा ताबडतोब सुरू होतो. सातांच्या लयीत बसलेला कान प्रत्येक फेऱ्यागणिक एक मात्रा मागे पडत जातो आणि सात फेऱ्यांनंतर पुन्हा जागेवर येतो. येथे तारलिपीचे व्याकरण ध्यानात घेतले म्हणजे या कृतीचे धाडस अधिक कळते. प्रत्यक्ष तारलिपीत दीर्घ हा ऱ्हस्वाच्या तिप्पट असतो आणि दोन अक्षरांच्या मध्ये तीन ऱ्हस्वांएवढी शांतता ठेवावी लागते. अन्यथा अक्षरे एकमेकांत मिसळून संदेश अवाच्य होतो. या रचनेत दीर्घ दुपटीवर आणला आहे, म्हणजे नकळत आपल्या लघु-गुरूच्या प्रमाणात. आणि अक्षरांमधील शांतता काढून टाकली आहे. टोरांटोचा कोणताही तारमास्तर हा संदेश सहजी वाचू शकला नसता. विराम काढल्यामुळे संदेश नाहीसा झाला आणि ताल जन्मास आला.

यावरून एक विधान करता येते. प्रोग्रेसिव्ह रॉकमधील विषमता ही मूलतः संख्येची विषमता नव्हे. श्रोत्याचा कान जो विराम आपल्या पदरचा घालून आवर्तन पूर्ण करू पाहतो, तो विराम न भरू देणे, ही ती विषमता होय.

'हा तर आपला रूपक!'

हे विधान स्वीकारले की एका प्रचलित मताचा फेरविचार करावा लागतो. विषम मापाच्या रॉक गीतांचा विषय निघाला की आपल्याकडील जाणकार हमखास म्हणतात, 'यात नवे काय? सात म्हणजे आपला रूपक, दहा म्हणजे झपताल.' या अभिमानाला ऐतिहासिक आधार अजिबात नाही असे नाही. डेव्ह ब्रुबेक याचा जॅझ चमू १९५८ मध्ये भारतात येऊन गेला. त्याच दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकलेला नऊ मात्रांचा, दोन-दोन-दोन-तीन असा ताल त्याने १९५९ च्या 'टाइम आउट' या संचात वापरला. त्याच संचातील पॉल डेस्मंड याचे 'टेक फाइव्ह' हे पाचांतील वादन जगभर पोचले. जॉन मॅक्लॉफ्लिन याने १९७१ मध्ये स्थापन केलेल्या महाविष्णू ऑर्केस्ट्राने विषम मापांत विद्युत गिटारीचे वादळ उठविले आणि पुढे 'शक्ती' या वाद्यवृंदात मुंबईचे उस्ताद झाकिर हुसेन, एल. शंकर व टी. एच. विनायकराम यांच्या सहवासात त्याने भारतीय तालविचार मुळातूनच आत्मसात केला. देवाणघेवाण झाली आहे, हे खरेच.

परंतु अंक समान असल्याने अनुभव समान ठरत नाही. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या १९७३ च्या संचातील 'मनी' हे गीत घ्यावे. नाण्यांचा खणखणाट, गल्ल्याचा आवाज, कागद फाटण्याचा आवाज असे ध्वनी स्वतंत्रपणे मुद्रित करून, फितीचे समान लांबीचे तुकडे कापून, ते सांधून सात आघातांचे एक वेटोळे तयार केले गेले. त्याच्याने गीताचा आरंभ होतो. मात्रा म्हणजे कालाचे समान माप, ही व्याख्या येथे अक्षरशः कात्रीने अमलात आणली आहे. त्यानंतर रॉजर वॉटर्सची बास गिटार सातांतच फिरू लागते. सॅक्सोफोनचे एकलवादनही सातांतच आहे. मग डेव्हिड गिलमर याचे गिटारवादन सुरू होते आणि माप एकदम चारांचे होते. गिटार थांबल्यावर गीत पुन्हा सातांवर येते.

रूपक ऐकणारा श्रोता आठव्या मात्रेची वाट पाहत नसतो. रूपकाचे सात हे पूर्ण सात आहेत. तीन-दोन-दोनच्या विभागणीने आणि समेवरील खालीने त्यांना स्वतःचे अंग दिले आहे. 'मनी' ऐकणारा श्रोता मात्र चारांच्या संस्कारात वाढलेला असतो. त्याच्या कानाला प्रत्येक आवर्तन हे एक मात्रा कमी असलेले आठांचे आवर्तन वाटते. आठवा ठोका आपण मनात भरावयास जावा आणि त्यापूर्वीच पहिला ठोका येऊन आदळावा, अशी ही रचना आहे. विषय पैशाचा, हावेचा. आणि ताल असा की दरवेळी एक नाणे कमी भरते. गिटारवादनात चाराचे माप येताच हा ताण सुटतो, जणू थकबाकी चुकती झाली. आणि पुन्हा सात सुरू होताच तूट पुन्हा जाणवते. 'मनी'चे सात हे रूपकाप्रमाणे पूर्ण असते तर मधला बदल केवळ एक तालबदल ठरला असता. त्यात सुटकेचा आनंद नसता. 'हा तर आपला रूपक' असे म्हणणारा जाणकार अंक बरोबर सांगतो आणि गीत चुकीचे ऐकतो.

'टेक फाइव्ह'ची गोष्ट निराळी आहे. तेथे पियानोचा तीन-दोन असा अखंड ठेका असल्याने तूट जाणवत नाही; पाच हे घर म्हणून स्वीकारले जाते. झपतालाच्या अर्धांगाशी त्याचे नाते त्यामुळे अधिक जवळचे, फक्त विभाग उलटे.

यतिभंग

विराम न भरणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग टूल या अमेरिकन वाद्यवृंदाच्या 'स्किझम' या गीतात दिसतो. २००१ च्या 'लॅटरॅलस' संचातील या गीताची मुख्य स्वरपंक्ती पाच व सात अशा दोन खंडांची आहे. पाच आणि सात मिळून बारा. म्हणजे संख्येच्या दृष्टीने येथे विषम असे काही नाही. सहा-सहा असे दोन खंड केले असते तर भृंगावर्तनीची, दादऱ्याच्या अंगाची सरळ लय झाली असती. कमी काहीच केलेले नाही. केवळ खंड पाडण्याची जागा एका मात्रेने सरकवली आहे.

संस्कृत-मराठी छंदशास्त्रात यासाठी शब्द तयार आहे : यतिभंग. चरणात जेथे विराम अपेक्षित असतो तेथे शब्द न संपता पुढे वाहत गेला की तो दोष मानला जातो. काव्यात जो दोष, तोच या गीतात रचनातत्त्व झाला आहे. गीताचा आशय एकेकाळी एकमेकांत चपखल बसणाऱ्या माणसांच्या दुभंगण्याचा आहे; शीर्षकाचा अर्थही तोच. दोन खंड मिळून अचूक बारा होतात, पण दुभंगरेषा मध्यावर नाही. अशा ठिकाणी तालाची चर्चा आशयाच्या चर्चेपासून वेगळी करता येत नाही, आणि केवळ 'पाच-आठ अधिक सात-आठ' असे लिहून थांबणारा रसिक गीताच्या उंबरठ्यावरूनच परत फिरतो.

याच संचाच्या शीर्षकगीताविषयी मात्र थोडी सावधगिरी आवश्यक आहे. 'लॅटरॅलस'च्या शब्दांची अक्षरसंख्या एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी वाढत जाते, मग उतरते आणि पुढे तेरापर्यंत चढते. ही फिबोनाचीची श्रेणी. ध्रुवपदाची मापे नऊ, आठ, सात अशी येतात, आणि ९८७ हीदेखील त्याच श्रेणीतील संख्या. हे कळल्यावर आपल्याकडील उत्साही अभ्यासकाला भरते येणे स्वाभाविक आहे, कारण ही श्रेणी मात्रावृत्तांच्या गणितातूनच आपल्याकडे सिद्ध झाली होती. लघू एका मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. तेव्हा अमुक मात्रांचे किती लगक्रम होऊ शकतात? एका मात्रेचा एक, दोनांचे दोन, तीनांचे तीन, चारांचे पाच, पाचांचे आठ, सहांचे तेरा, सातांचे एकवीस. विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने हा नियम सांगितला. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. मघाचा 'गालगागा' हा सात मात्रांच्या एकवीस रूपांपैकी एक आणि 'गागालल' हा सहा मात्रांच्या तेरा रूपांपैकी एक.

तथापि 'लॅटरॅलस'मध्ये श्रेणीने मोजली आहेत ती अक्षरे; मात्रा नव्हेत. अक्षरांची संख्या आणि तालाचे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अभंग गाणाऱ्या समाजाला शिकविण्याची गरज नाही. मोठ्या अभंगाचा चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा असतो. भजनात तो आठ मात्रांच्या ठेक्यात सहज बसतो, कारण अक्षरे कोठे लांबवावीत हे टाळकऱ्याला ठाऊक असते. सहा आणि आठ यांतील फरक वारकऱ्यांच्या कंठाने शतकानुशतके भरून काढला आहे. 'लॅटरॅलस'चे गणित चातुर्याचे आहे, पण ते ऐकू येत नाही. ते वाचावे लागते. 'वाय वाय झेड'चे गणित न सांगताही पायांना कळते. या दोहोंत तालदृष्ट्या श्रेष्ठ कोणते, याविषयी दुमत होऊ नये.

पद्धतीची मर्यादा

लगक्रमाच्या या पद्धतीला आवर्तन लागते. जेथे आवर्तनच होत नाही तेथे ती लंगडी पडते. ड्रीम थिएटरच्या १९९९ च्या संचातील 'द डान्स ऑफ इटर्निटी' ही सुमारे सहा मिनिटांची वाद्यरचना. तीत माप शंभराहून अधिक वेळा बदलते असे मोजणाऱ्यांनी मोजले आहे. येथे कोणताही गण दुसऱ्यांदा येऊन कानात बसण्यापूर्वीच पुढचा गण येतो. अपेक्षा निर्माण होण्यास पुनरावृत्ती हवी. अपेक्षाच नसेल तर अपेक्षाभंग कशाचा? वादकांची तयारी निर्विवाद थक्क करणारी आहे. परंतु मैफलीत लयकारीचा हिशेबच गायनाचा विषय होऊ लागला की जुने श्रोते चुळबूळ करू लागतात, त्या चुळबुळीची येथे आठवण होते. मोजणाऱ्या रसिकांना नेमकी हीच रचना परमावधीची वाटते, ही गोष्ट मोजणीच्या पंथाविषयी बरेच काही सांगून जाते.

नाशिकचे उदाहरण

विरामाचे हे तत्त्व पारखण्यासाठी परक्या संगीताकडेच पाहिले पाहिजे असे नाही. समर्थ रामदासांनी परंपरेनुसार बारा वर्षे ज्या टाकळीत तपश्चर्या केली, ते आज नाशिक शहराचाच भाग आहे. त्यांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत : लगागा चार वेळा, पाच मात्रांची चार आवर्तने, एकूण वीस. तूट नाही, म्हणून छंदाच्या हिशेबात विरामाचीही गरज नाही. म्हणणारा थांबतो तो श्वासासाठी. दोनशे पाच श्लोक एका लाटेसारखे पुढे सरकत राहतात याचे एक कारण हे असावे.

कुसुमाग्रजांनी 'पृथ्वीचे प्रेमगीत' या कवितेत हाच लगागा घेतला. 'विशाखा' (१९४२) मधील ही कविता नाशिकच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या काव्यवाचनात एकदा तरी म्हटली जाते. वृत्त सुमंदारमाला : लगागा सात वेळा आणि शेवटी केवळ लगा. कविता दोन ओळींत मांडलेली असल्याने पहिली ओळ वीस मात्रांची भरते आणि दुसरी अठरांवर थांबते. दोन मात्रा कमी. पाच-पाचांच्या आठ आवर्तनांना चाळीस मात्रा हव्यात. अक्षरे अडतीसच पुरवतात. उरलेल्या दोन मात्रा प्रत्येक चांगला वाचक मौनात भरतो. पृथ्वीचे सूर्याला उद्देशून चाललेले आर्जव दर दोन ओळींनंतर क्षणभर थांबते. उत्तराची वाट पाहावी तसे. सूर्य काही बोलत नाही. त्या दोन मात्रा सूर्याच्या आहेत, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. वृत्त ओळखण्याच्या प्रश्नाला 'सुमंदारमाला' असे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत त्या दोन मात्रांना कोठेही जागा नसते.

लघूवर आरंभ होत असल्याने झपताल धरताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पहिला लघू समेच्या आधी उचलला आणि सम पहिल्या गुरूवर ठेवली, तर पुढे 'गा । गाल' म्हणजे दोन-तीन असे विभाग पडतात आणि झपतालाचे अंग तंतोतंत मिळते. लघूवरच सम धरली तर तीच कविता एक-दोन-दोन अशी चालते आणि झपतालाचे दुसरे विभागस्थान गुरूच्या मध्यावर पडते. अंक दोन्ही वेळी पाचच. चाल मात्र निराळी.

आता एखाद्या वाचकाने रशचा मार्ग अनुसरला आणि दुसऱ्या ओळीतील 'लगा' संपताच, दोन मात्रा न थांबता, पुढील ओळीचा 'लगागा' उचलला, तर काय होईल? झपताल धरणाऱ्याची सम प्रत्येक द्विपदीनंतर दोन मात्रा पुढे निसटेल आणि पाच द्विपदींनंतरच ती पुन्हा हाती येईल. सभागृहातील श्रोते म्हणतील की वाचकाने घाई केली, कवितेतील आर्जवाऐवजी हट्ट ऐकू आला. आणि त्यांचे म्हणणे योग्यच असेल. पण तोच वाचक तीच कविता गिटारीच्या साथीने, त्याच न थांबण्याच्या हट्टाने दहा वेळा म्हणू लागला, तर दहाव्या खेपेस श्रोत्यांपैकी काहींचे पाय अडतिसांच्या त्या लंगड्या आवर्तनावर बरोबर पडू लागलेले असतील.